विंचवाचे बिऱ्हाड आणि बारा व्होल्ट

भाद्रपद महिन्यात गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी तासगावात गणपतीचा रथोत्सव असतो. परशुरामभाऊ पटवर्धनांनी बांधलेल्या मंदिरातून निघालेला उंच रथ हजारो माणसे दोरांनी ओढतात. त्या रथाला इंजिन नाही, की बॅटरी नाही. त्यामुळे 'सेल्फ लागत नाही' म्हणून तो कधी अडत नाही! पण उत्सवाच्या, जत्रेच्या निमित्ताने गावात येणाऱ्या इतर गाड्यांचे तसे नाही. खेळण्यांची दुकाने, पाळणे, तमाशाचे फड यांचे सारे बिऱ्हाड ट्रकवर असते. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, तसे यांचे बिऱ्हाड चाकांवर.

तासगावहून सांगलीकडे जाताना वाटेत कवलापूर लागते. काळू-बाळू या जोडीमुळे या गावाचे नाव महाराष्ट्रभर झाले. दसऱ्याच्या सुमारास तमाशाचे फड बाहेर पडतात आणि उन्हाळ्यातल्या यात्रा संपेपर्यंत गावोगाव फिरतात. त्या दिवसांत कलावंतांचे घर म्हणजे ट्रक आणि राहुटी. परदेशात मोटारीतच झोपण्याची, स्वयंपाकाची सोय केलेली असते, तिला 'मोटरहोम' म्हणतात. आपल्याकडचे मोटरहोम पाहायचे असेल, तर अशा फडाचा ट्रक पाहावा. आत फळ्यांचे माचे, पेट्या, पडदे, दोन-चार दिवे आणि पंखे. हे सारे चालते ते गाडीच्या बारा व्होल्टच्या विजेवर.

आज आपण अशाच एका जुन्या गाडीतील विजेचा दोष शोधणार आहोत. गाडी कल्पनेतली आहे. पण तिचे आजार खरे आहेत. तुमच्या घरच्या ट्रॅक्टरला, जीपला किंवा द्राक्षबागेत औषध फवारणाऱ्या यंत्राच्या गाडीलाही हेच आजार होतात.

तक्रार काय आहे?

गाडी वीस वर्षांची आहे. रात्री मागच्या भागात दिवे आणि पंखे एकदम लावले, की दिवे पिवळे पडतात. सकाळी किल्ली फिरवली, की स्टार्टर, म्हणजे आपल्या बोलीतला 'सेल्फ', कण्हत अर्धा फेरा घेतो आणि थांबतो. मग दहा जणांनी धक्का मारायचा. गावातल्या एकाने सांगितले, "बॅटरी गेली." नवी बॅटरी बसवली. आठवडाभर बरे चालले आणि पुन्हा तेच! आज संध्याकाळपर्यंत पुढच्या गावी पोहोचायचे आहे. तिथे कनात लागेल, लोक बसतील. गाडी पोहोचली नाही तर खेळ बुडणार, आणि खेळ बुडाला तर त्या दिवसाची भाकरी बुडणार.

आता तुमच्या हातात एक मल्टिमीटर आहे. काहीशे रुपयांत मिळणारे हे उपकरण विद्युत्‌दाब, प्रवाह आणि रोध मोजते. सुरुवात कुठून कराल?

आधी बॅटरीची ओळख

मोटारीची बॅटरी म्हणजे शिशाचे सहा घट एकापुढे एक जोडलेले असतात. फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते याने १८५९ मध्ये असा घट प्रथम बनवला. धन पट्टीवर शिशाचे डायऑक्साइड, ऋण पट्टीवर सच्छिद्र शिसे आणि दोहोंमध्ये पाणी मिसळलेले गंधकाम्ल अशी त्याची रचना असते. घट वीज देतो तेव्हा दोन्ही पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट तयार होते आणि आम्ल पातळ होत जाते. बाहेरून वीज दिली, की ही क्रिया उलटते आणि आम्ल पुन्हा तीव्र होते.

पूर्ण भरलेल्या एका घटाचा दाब सुमारे २.१ व्होल्ट असतो. सहा घटांचे झाले १२.६ व्होल्ट. म्हणजे आपण जिला बारा व्होल्टची म्हणतो ती बॅटरी भरलेली असताना १२.६ दाखवते, आणि बरोबर १२ दाखवू लागली तर ती बरीचशी रिकामी झालेली असते! काही तास विसावलेल्या बॅटरीचा अंदाज असा बांधतात :

१२.६ ते १२.७ व्होल्ट — पूर्ण भरलेली
१२.४ व्होल्ट — सुमारे पाऊण
१२.२ व्होल्ट — सुमारे निम्मी
१२.० व्होल्ट — सुमारे पाव
११.८ व्होल्ट किंवा कमी — रिकामी

'विसावलेली' हा शब्द महत्त्वाचा आहे. इंजिन नुकतेच बंद केले असेल, तर दाब काही वेळ उगाच जास्त दिसतो.

आपल्या गाडीच्या बॅटरीने सकाळी १२.२ दाखवले. म्हणजे ती निम्मी भरलेली आहे. ती गेलेली नाही, उपाशी आहे. या दोहोंतला फरक ओळखला नाही, म्हणून नव्या बॅटरीचे पैसे वाया गेले. उपाशी माणसाला घरातून हाकलून दुसऱ्या माणसाला आणला आणि त्यालाही जेवायला घातले नाही, तर तोही चार दिवसांत आडवा होणारच!

बॅटरी फार दिवस अर्धपोटी राहिली, तर मात्र पट्ट्यांवरच्या सल्फेटचे स्फटिक मोठे आणि कठीण होतात. मग ते पुन्हा विरघळत नाहीत आणि बॅटरी कायमची दुबळी होते. म्हणून उपासमारीचे कारण लवकर शोधले पाहिजे.

ठिबकच्या गाळणीपासून एक धडा

तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आणि ठिबक सिंचन पाहिले नाही असा विद्यार्थी विरळा. पंपाजवळ वाळूची गाळणी असते. तिच्या आधी आणि नंतर दाब दाखवणारी घड्याळे बसवलेली असतात. ती कशासाठी?

समजा, गाळणी कचऱ्याने तुंबली आहे. बागेकडचे सगळे व्हॉल्व बंद ठेवून पंप चालू केला, तर थोड्या वेळात दोन्ही घड्याळे सारखाच दाब दाखवतील. पाणी वाहतच नसेल तर अडथळा कळणार कसा? आता व्हॉल्व उघडा. पाणी धावू लागले, की गाळणीनंतरच्या घड्याळाचा काटा खाली येतो. दोन काट्यांमधला फरक म्हणजे गाळणीने खाल्लेला दाब. फरक मोठा दिसला, की शेतकरी गाळणी धुतो. तो पंप बदलत नाही.

विजेचेही असेच आहे. पाण्याच्या जागी विद्युत्‌प्रवाह आणि तुंबलेल्या गाळणीच्या जागी गंजलेला सांधा धरा. जर्मन शास्त्रज्ञ ओहम याने १८२७ मध्ये प्रसिद्ध केलेला नियम तुम्ही शाळेत शिकला आहात :

दाबातील घट = प्रवाह × रोध

प्रवाह शून्य असेल तर घटही शून्य. मग रोध कितीही असो. समजा, एका गंजलेल्या सांध्याचा रोध ०.०३ ओहम आहे. आतला एक लहान दिवा १ अँपिअर घेतो. तेव्हा सांध्यात फक्त ०.०३ व्होल्ट जातात आणि दिवा छान उजळतो. पण स्टार्टरला १५० अँपिअर लागले, की तोच सांधा १५० × ०.०३ = ४.५ व्होल्ट गिळतो! "दिवा लागतो म्हणजे वीज येते, मग सेल्फ का लागत नाही?" या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे.

म्हणून दोष शोधण्याचा पहिला नियम लक्षात ठेवा : तारांची परीक्षा त्यांना कामाला जुंपूनच घ्यावी.

स्टार्टरचा हिशेब

प्रथम बॅटरी चार्जरवर लावून पूर्ण भरून घेऊ, म्हणजे तिच्यावर संशय राहणार नाही. आता मोठ्या माणसाला किल्लीजवळ बसवा. गाडी न्यूट्रलमध्ये हवी, हातब्रेक ओढलेला हवा. तो किल्ली फिरवील त्या दोन-तीन सेकंदांत आपण मीटर वाचायचा आहे. एका वेळी एकच वाचन घ्यायचे आणि दर वेळी स्टार्टरला थोडी विश्रांती द्यायची.

वाचन १ : मीटरच्या दोन टोकांपैकी एक बॅटरीच्या धन खुंटीवर, दुसरे ऋण खुंटीवर. किल्ली फिरवल्यावर ११.२ व्होल्ट. हे चांगले आहे. स्टार्टर फिरत असताना निरोगी बॅटरी साधारण साडेनऊ व्होल्टच्या खाली येऊ नये.

वाचन २ : एक टोक बॅटरीच्या धन खुंटीवर, दुसरे स्टार्टरच्या जाड तारेच्या बोल्टवर. ०.३ व्होल्ट. म्हणजे जाणाऱ्या वाटेत फारसे काही हरवत नाही.

वाचन ३ : एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीवर, दुसरे स्टार्टरच्या धातूच्या अंगावर. ४.५ व्होल्ट!

सापडला चोर. बेरीज करून पाहा. बॅटरीचे ११.२ उणे ०.३ उणे ४.५ बरोबर ६.४. बारा व्होल्टच्या स्टार्टरला साडेसहा व्होल्टसुद्धा मिळत नाहीत. तो कण्हणार नाही तर काय करील?

मोटारीत बहुतेक ठिकाणी प्रवाह तारेने जातो आणि परत येतो तो गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून. इंजिन मात्र रबराच्या गाद्यांवर बसवलेले असते. रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन आणि सांगाडा यांना जोडणारी तांब्याच्या विणलेल्या तारांची एक पट्टी असते. तिला अर्थिंग पट्टी म्हणतात. ती खाली, चिखलात, कोणाच्या नजरेला न पडणाऱ्या जागी असते. वीस पावसाळे तिने पाहिलेले असतात. कोणीतरी सांगाड्याला रंग देताना तिच्या बोल्टखालीही रंगाचा थर दिलेला असतो.

आपल्या गाडीत तेच झाले आहे. आणखी एक पुरावा हवा असेल तर असा घ्या : किल्ली दोन-तीन वेळा फिरवून झाल्यावर पट्टीच्या सांध्याजवळ हात न्या, पण लगेच टेकवू नका. तो तापलेला असतो. ४.५ व्होल्ट × १५० अँपिअर = ६७५ वॅट. जवळजवळ एका इस्त्रीइतकी उष्णता त्या एवढ्याशा सांध्यात, क्षणभर का होईना, निर्माण होते.

बॅटरी उपाशी का राहते?

आता त्याच पट्टीकडे उलट बाजूने पाहू या. इंजिन चालू झाले, की अल्टरनेटर वीज बनवतो आणि बॅटरी भरतो. हा भरणारा प्रवाहही इंजिनाच्या अंगातूनच मंडल पूर्ण करतो. म्हणजे त्यालाही तीच गंजकी वाट.

इंजिन जरा वेगाने चालवून अल्टरनेटरच्या बोल्टापासून त्याच्याच अंगापर्यंत दाब मोजला : १४.२ व्होल्ट. अल्टरनेटर उत्तम आहे. मग बॅटरीच्या खुंट्यांवर मोजले : १३.३५ व्होल्ट. मधले ०.८५ कुठे गेले? बॅटरीकडे २५ अँपिअर जात होते. २५ × ०.०३ = ०.७५ पट्टीने खाल्ले, उरलेला ०.१ जाड तारेत गेला. हिशेब जुळला.

बॅटरी नीट भरायला तिच्या खुंट्यांवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट पोहोचावे लागतात. त्यापेक्षा कमी दाब असला तर ती भरते, पण फार हळू. लांबच्या प्रवासात कदाचित भरेलही. पण फडाचा प्रवास या गावाहून शेजारच्या गावाला, दहा-पंधरा किलोमीटरांचा. तेवढ्या वेळात बॅटरीच्या तोंडी चार घास पडतात आणि रात्री दिवे-पंखे सगळे परत काढून घेतात. नवी बॅटरीही आठवड्यात का झोपली, हे आता कळले ना?

उपाय किती साधा! बॅटरीचे ऋण टोक सोडवावे. पट्टीचे दोन्ही बोल्ट काढावेत. काचकागदाने बोल्टखालची जागा चकचकीत धातू दिसेपर्यंत घासावी. पट्टीच्या तारा तुटलेल्या असतील तर नवी पट्टी घालावी. बोल्ट घट्ट आवळून वरून ग्रीस किंवा व्हॅसलीन लावावे, म्हणजे पाणी शिरणार नाही. काम झाल्यावर वाचन ३ पुन्हा घ्यावे. ते ०.२ व्होल्टच्या आसपास आले, तर दोष गेला. दुरुस्तीनंतरची मोजणी ही दुरुस्तीचाच भाग आहे. ती केल्याशिवाय 'झाले' म्हणू नये.

पिवळे दिवे : दुसरा आजार

पट्टी बदलली, गाडी सुरू झाली. पण मागचे दिवे रात्री पिवळेच! इथे एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. जुन्या गाडीत दोन तक्रारी असल्या, तर त्यांचे कारण एकच असेल असे समजू नये. मागच्या दिव्यांचा प्रवाह इंजिनाच्या अंगातून जातच नाही. त्यामुळे त्या पट्टीचा त्यांच्याशी संबंध नाही. त्यांचा शोध वेगळा घेतला पाहिजे.

मागे २१ वॅटचे चार तंतुदिवे आणि १८ वॅटचे दोन पंखे आहेत. एकूण १२० वॅट. बॅटरीपासून मागेपर्यंत, कोपऱ्याकोपऱ्यांतून वळत, १० मीटर दुपदरी तार नेलेली आहे. तार घरातल्या दिव्यांसाठी वापरतात ती, १.५ चौरस मिलिमीटर जाडीची. घरात चालते, तर इथे का चालू नये?

गणित करू. जाण्याचे १० आणि येण्याचे १० असे २० मीटर तांबे प्रवाहाच्या वाटेत आहे. १ चौरस मिलिमीटर जाडीच्या १ मीटर तांब्याचा रोध सुमारे ०.०१७२ ओहम असतो. म्हणून आपल्या तारेचा रोध ०.०१७२ × २० ÷ १.५ = ०.२३ ओहम.

घरात २३० व्होल्टवर १२० वॅटला सुमारे अर्धा अँपिअर पुरतो. तारेत सुमारे ०.१२ व्होल्ट जातात. २३० मधून एवढे गेले तर कोणाला पत्ताही लागत नाही. पण १२ व्होल्टवर त्याच १२० वॅटला १० अँपिअर लागतात. दिवे व पंखे मिळून १.२ ओहमचा रोध धरला, तर तारेसह एकूण रोध १.४३ ओहम होतो आणि प्रवाह १२ ÷ १.४३ = ८.४ अँपिअर. तारेत ८.४ × ०.२३ = १.९ व्होल्ट जातात. दिव्यांना उरतात १०.१ व्होल्ट. १२० वॅटऐवजी साधारण ८५ वॅटच मिळतात. तंतुदिव्याचा उजेड तर वॅटपेक्षाही वेगाने कमी होतो. म्हणून तो पिवळा दिसतो.

म्हणजे इथे काहीही बिघडलेले नाही! सांधे स्वच्छ आहेत, दिवे चांगले आहेत. चूक मापाची आहे. दाब कमी तर प्रवाह जास्त, आणि प्रवाह जास्त तर तार जाड, हे बारा व्होल्टचे सूत्र आहे. ४ चौरस मिलिमीटरची तार घातली, तर रोध ०.०८६ ओहम होतो आणि घट ०.८ व्होल्टवर येते. त्याबरोबर २१ वॅटचे दिवे काढून ५ वॅटचे एलईडी दिवे लावले, तर सगळा भार ५६ वॅटचा उरतो आणि घट ०.४ व्होल्ट होते.

रात्रीची शिदोरी

बॅटरीत वीज किती, हे अँपिअर-तासांत सांगतात. १०० अँपिअर-तासांची बॅटरी घेतली तरी तिच्यातले निम्मेच वापरावेत. पुन्हा पुन्हा तळापर्यंत उपसली, तर ती लवकर मरते. म्हणजे शिदोरी ५० अँपिअर-तासांची.

खर्च मांडू. २१ वॅटचे चार दिवे ५ तास : ४२० वॅट-तास. १८ वॅटचे दोन पंखे ८ तास : २८८. आठ मोबाइल भरायला प्रत्येकी १० प्रमाणे : ८०. एकूण ७८८ वॅट-तास. याला १२ ने भागले तर सुमारे ६६ अँपिअर-तास. शिदोरी पन्नासाची, भूक सहासष्टाची! दिवे एलईडीचे केले, की ४२० च्या जागी १०० येतात. एकूण ४६८ वॅट-तास, म्हणजे ३९ अँपिअर-तास. आता रात्र निभावते.

याहून चांगला उपाय म्हणजे घरासाठी वेगळी बॅटरी ठेवणे. इंजिन सुरू करणाऱ्या बॅटरीच्या पट्ट्या पातळ असतात. काही सेकंद भरपूर प्रवाह देणे हे तिचे काम. रात्रभर थोडा थोडा देणे तिला मानवत नाही. इन्व्हर्टरला वापरतात त्या जाड पट्ट्यांच्या बॅटऱ्या या कामाला योग्य असतात. दोन्ही बॅटऱ्यांमध्ये असा रिले घालतात, की इंजिन चालू असताना दोन्ही भराव्यात आणि बंद असताना एकमेकींपासून तुटाव्यात. मग दिवे रात्रभर जळले, तरी सकाळी स्टार्टरच्या वाट्याची वीज शिल्लक राहते.

सगळे बंद असताना बॅटरी उतरत असेल, तर कुठेतरी गळती आहे. ०.४ अँपिअरची गळतीसुद्धा २४ तासांत ९.६ अँपिअर-तास नेते. पाच दिवसांत १०० ची बॅटरी निम्मी! अशा वेळी बॅटरीचे ऋण टोक सोडून मध्ये अँपिअर मोजणारा मीटर जोडतात आणि एकेक फ्यूज काढत जातात. ज्या फ्यूजला वाचन एकदम खाली येते, त्याच्या वाटेवर गळती आहे. मात्र मीटर असा जोडलेला असताना किल्ली कधीही फिरवू नये, मीटर जळेल.

बारा व्होल्ट मारत नाहीत, पण जाळतात

बारा व्होल्टच्या तारेला कोरडा हात लागला, तर धक्का जाणवत नाही. म्हणून माणसे निष्काळजी होतात. पण मागच्या भागात तारेचे आवरण एखाद्या पेटीच्या कडेला घासून फाटले आणि दोन तारा टेकल्या, तर काय होईल ते पाहा. तारेचा रोध ०.२३ ओहम. १२ ÷ ०.२३ = ५२ अँपिअर. एकूण ६०० वॅटांहून अधिक उष्णता त्या तारेत! आवरण वितळते. भोवती लाकडी माचे, पडदे, कपड्यांच्या पेट्या आणि झोपलेली माणसे.

हे थांबवणारी एकच वस्तू आहे : फ्यूज, म्हणजे वितळतार. तो उपकरणापेक्षाही तारेच्या रक्षणासाठी असतो. म्हणून तारेच्या मापाप्रमाणे निवडावा आणि बॅटरीच्या अगदी जवळ बसवावा. फ्यूज सारखा जातो म्हणून त्याच्या जागी खिळा किंवा सिगारेटची चांदी घालणारे लोक आढळतात. राखणदार भुंकतो म्हणून त्याचे तोंड बांधण्यासारखे हे आहे. फ्यूज गेला तर तो का गेला, ते विचारावे.

आणखी काही पथ्ये पाळा :

१. बॅटरी सोडवताना आधी ऋण टोक सोडवावे. जोडताना ते शेवटी जोडावे. नाहीतर धन टोकावरचा पाना सांगाड्याला टेकून मोठी ठिणगी उडते.
२. भरत असलेल्या बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडतो. तो हवेत मिसळून स्फोट होऊ शकतो. जवळ काडी, विडी, ठिणगी नको. बॅटरीची खोली किंवा पेटी हवेशीर हवी.
३. आम्ल अंगावर उडाले तर भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यांना चष्मा हवाच. हातातली अंगठी, कडे काढून ठेवावे.
४. जनित्रातून किंवा गावातल्या जोडणीतून येणारी २३० व्होल्टची वीज हा वेगळा विषय आहे. तिला तुम्ही हात लावू नये. तिथे जाणकार वायरमन, योग्य अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडणारा स्विच हवा. लोखंडी गाडीत २३० व्होल्ट उतरले, तर सारी गाडीच जिवंत तार होते.
५. जनित्र माणसे झोपतात त्या भागापासून दूर ठेवावे. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो. झोपलेल्या माणसाला तो कळतच नाही.

तुम्ही करून पाहा

टॉर्चचे दोन घट, एक छोटा बल्ब, तारेचे तुकडे आणि पेन्सिलीतील शिशाची कांडी घ्या. घट, कांडी आणि बल्ब एकापुढे एक जोडा. कांडी म्हणजे आपला गंजलेला सांधा.

प्रथम बल्ब होल्डरमधून सैल करा आणि होल्डरच्या दोन टोकांत दाब मोजा. जवळजवळ पूर्ण ३ व्होल्ट दिसतील. जणू कांडी तिथे नाहीच! आता बल्ब आवळा. तो मंद पेटेल. पुन्हा मोजा, दाब उतरलेला दिसेल. मग मीटर कांडीच्या दोन टोकांना लावा. हरवलेले व्होल्ट तिथे सापडतील. दोन्ही वाचनांची बेरीज घटांच्या त्या वेळच्या दाबाइतकी येते का, ते वहीत लिहून ताडून पाहा.

डोके चालवा

१. एका ट्रॅक्टरच्या बॅटरीवर विसावलेल्या स्थितीत १२.६ व्होल्ट आहेत. किल्ली फिरवताच बॅटरीच्या खुंट्यांवरच ७ व्होल्ट दिसतात. दोष तारेत की बॅटरीत?
२. इंजिन चालू असताना बॅटरीवर १५.५ व्होल्ट दिसतात आणि तिच्यातले पाणी लवकर आटते. कोणावर संशय घ्याल?
३. दिवा लागत नाही. पण दिव्याच्या धन टोकापासून बॅटरीच्या ऋण खुंटीपर्यंत मोजले तर १२ व्होल्ट दिसतात, आणि दिवा चांगला आहे. वाट कुठे तुटली आहे?

उत्तरे : (१) बॅटरीत, दाब तिच्या स्वतःच्या खुंट्यांवरच कोसळतो आहे. एखादा घट निकामी झालेला असू शकतो. (२) अल्टरनेटरचा दाब आवरणाऱ्या रेग्युलेटरवर. (३) परतीच्या वाटेत, म्हणजे दिव्याचे ऋण टोक आणि सांगाडा यांच्या दरम्यान.

आपल्या गाडीला शेवटी काय लागले? एक तांब्याची पट्टी, थोडा काचकागद, दहा मीटर दुपदरी जाड तार आणि चार दिवे. या सगळ्याला नव्या बॅटरीपेक्षा कमी पैसे पडतात. दुपारी गाडी एका किल्लीत सुरू होते, मागे कोणाला धक्का मारावा लागत नाही आणि दिवस मावळायच्या आत पुढच्या गावी कनात उभी राहते. अंदाजाने वस्तू बदलण्याऐवजी तीन वाचने घेतली, एवढेच आपण केले. पुढच्या वेळी कोणी "बॅटरी गेली" म्हणाले, तर शांतपणे विचारा, "किती व्होल्ट आहेत? आणि किल्ली फिरवताना किती?"